वडिलांचं बारसं

माझ्या वडिलांच्या बारशाला मी हजर होते.

मी तेरा वर्षांची होते आणि ते बेचाळीसचे. पाळणा शेजारच्या सुताराकडून मागून आणला होता. त्यात ते मावणार नव्हते, म्हणून त्यांचं धोतर घडी करून आत ठेवलं होतं आणि चार बायका त्या धोतराला झोके देत होत्या. ते स्वतः तुपानं माखलेले, पंचा नेसून, नारायणकाकांच्या सोप्यात पाटावर बसले होते. पाठक गुरुजी म्हणाले, "आता आईच्या मांडीवर द्या."

आई कुठली? माझी आजी जाऊन नऊ वर्षं झाली होती. गुरुजींनी पोथी उलटीपालटी केली आणि म्हणाले, "आई नसेल तर थोरली भावजय चालते. शेवंताबाई, मांडी घाला."

"अवो, माझी मांडी मोडंल की!" शेवंताकाकू म्हणाली. काकू म्हणजे वाळलेली शेंग. सगळ्या बायका हसल्या.

"नुसतं डोकं टेकवलं तरी पुरे."

मग माझ्या वडिलांनी काकूच्या मांडीवर डोकं टेकवलं. गुरुजींनी त्यांच्या ओठाला मध आणि तूप लावलं. मागून कुणीतरी ओरडलं, "रड की रं! पोर जल्मल्यावर रडतंय!" आणि वडिलांनी खरोखर "ट्यां, ट्यां" केलं. सोपा हसून हसून गडबडा लोळला. सगळ्यात मोठ्यानं मी हसले, कारण त्या दिवशी सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता.

आता हे बारसं का, ते सांगते. मी तीन महिन्यांची असताना माझे वडील, मुकुंद कासार, कऱ्हाडला बांगड्यांचा माल आणायला म्हणून गेले आणि आलेच नाहीत. बारा वर्षं वाट पाहिली. बारा वर्षांनी माणूस मेला असं धरून त्याचा विधी करायचा, ही आमच्याकडची रीत. पळसाच्या देठांचा माणूस केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि नदीकाठी त्याला अग्नी दिला. अग्नी नारायणकाकांनी दिला. नारळ मात्र गुरुजींनी माझ्या हातून ठेववला, पोटचं म्हणून मीच एकटी होते ना. मी नारळाचे डोळे वरच्या बाजूला केले. वडिलांना आभाळ दिसावं, असं काहीतरी माझ्या मनात होतं.

त्याच दिवशी काकूनं आईच्या हातातल्या बांगड्या घाटाच्या दगडावर फोडल्या. आणि माझी आई हिंगणपेठेतली एकुलती एक कासारीण. बांगड्या भरून पोट भरणारीच्या हातात बांगडी नाही, आणि विधवेच्या हातून चुडा भरून घ्यायला कोण येणार? पंधरा दिवस दुकानाची पायरी कुणी चढलं नाही. सोळाव्या दिवशी भाजीवाली हौसाबाई आली, हात पुढं केला आणि म्हणाली, "भर गं यमुने. तुजा नवरा मेला, तुजा हात न्हाई मेला." मग एकेक करत सगळ्या परत आल्या. आईनं भरलेली बांगडी वर्ष वर्ष पिचत नसे, हे अपशकुनापेक्षा मोठं ठरलं.

आणि दीड वर्षानं मेलेला माणूस एसटीतून उतरला. शास्त्रात त्यालाही तोड आहे म्हणे. विधी झालेला माणूस परत आला तर तो नव्यानं जन्मला असं धरायचं. त्याचं बारसं करायचं, मुंज करायची जात असेल तर मुंज, आणि शेवटी त्याच बायकोशी पुन्हा लग्न.

आई बारशाला आली नव्हती. मी पेढा घेऊन दुकानात गेले तेव्हा ती हिरव्या बांगड्या दोरीत ओवत होती.

"झालं बारसं?"

"झालं."

"नाव काय ठिवलं?"

"तेच. मुकुंद."

"आन मांडीवर कुणी घेतलं?"

"काकूनं."

आईनं दोरीला गाठ मारली. "बरं," एवढंच म्हणाली आणि पेढा तसाच कागदात ठेवला.

संध्याकाळी नारायणकाका दुकानात आले. काका वाईट माणूस नव्हते. घरातली रीत आणि गावातली पत, या दोन खांबांवर त्यांचं आयुष्य उभं होतं आणि त्यांपैकी एक जरी हलला तरी त्यांना चक्कर येत असे.

"मंगळवारी कालिकामातेच्या देवळात लगीन लावायचं," ते म्हणाले. "अकरा वाजून दहा मिनिटांचा मुहूर्त हाय. चारचौघं बोलावतो, जास्त न्हाई."

"मी न्हाई उभी राहायची, भावजी."

"असं कसं? नशीब म्हण यमुना. किती बायकांचं कुकू असं परत येतंय? तुज्या हातात पुन्यांदा बांगड्या येतील."

"दुकान बांगड्यांनी भरलंय. कुटनं यायच्यात?"

"थट्टा नको. दुकान म्हटलं की त्याला पुरुषमाणूस पायजे. आता मुकुंदा बसंल गल्ल्यावर, तू घर बघ."

आईनं डावा हात बैठकीवर ठेवला. मनगटाच्या वर हाडाला एक गाठ होती. विहिरीवर पडले, असं ती सगळ्यांना सांगायची आणि मलाही तेच ठाऊक होतं. "ह्ये हाड बघा," ती म्हणाली. "हेमीच्या टायमाला सातवा म्हैना व्हता मला. विहिरीवर मोडलं का कुणी पिळलं, तुमाला ठावं हाय. तुमीच हळद बांधली व्हती."

काका उठले. मग टोपी सारखी करून निघून गेले.

मी पडद्यामागं बसून सगळं ऐकलं. आणि तरीही, आता सांगायला लाज वाटते, मला राग आईचाच आला. तेरा वर्षं मी दुसऱ्या मुलींचे वडील बघत आले होते. वडिलांना 'आण्णा' म्हणायचं, असं मी ठरवून टाकलं होतं आणि दुकानातल्या आरशापुढं हळू आवाजात ते म्हणूनही बघत होते. जुनं हाड काय, जुळलं की! असं मला वाटलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली तेव्हा फाटकाशी ते उभे होते. इस्त्रीचा सदरा, हातात संत्री.

"चल हेमे. फिरून येऊ. आईला सांगितलंय."

त्यांनी आईला सांगितलेलं नाही, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. आई आणि ते एका शब्दानं बोलत नव्हते. पण मी गेले. माझ्या पायांनी गेले, कुणी ओढून नेलं नाही. पुढं कितीतरी वर्षं मला याचीच टोचणी होती.

एसटीत त्यांनी संत्र्याची साल न तुटता सोलली आणि माझ्या मनगटाला गुंडाळली. कंडक्टर आला. "हाफ का फुल?"

"एक फुल, एक हाफ," ते म्हणाले. "पोरगी हाय माजी."

हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मी खिडकीकडं तोंड करून ते मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हटलं. मग मी हळूच विचारलं, "आण्णा, कुठं चाललोय?" ते संत्र्याच्या बिया बाहेर थुंकत होते. त्यांना ऐकू आलं नसावं.

आम्ही उतरलो ते बारा मैलांवर, त्यांच्या दोस्ताच्या, राऊच्या वस्तीवर. भोवती ऊस आणि मधे एक गुऱ्हाळ. हंगाम नव्हता, कढई पालथी पडली होती. तिथल्या खोलीला गुळाचा आंबूस वास भरलेला होता. राऊची बायको तानूबाई हिनं भाकरी दिली. ती माझ्याकडं बघायची आणि नवऱ्याकडं बघायची. त्या दिवशी मला सुट्टीच लागल्यासारखं वाटत होतं.

रविवारी सकाळी मी म्हणाले, "घरी जाऊया आता. आई वाट बघत असेल."

"मंगळवारी जाऊ."

"का?"

"तुजी आई देवळात उभी राहाते म्हणाली की जाऊ. निरोप धाडलाय." ते दाढी करत होते. छोट्या आरशातून त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हसले. बारशाच्या दिवशी हसले होते तसेच, जराही फरक नाही. "तवर हितं ऱ्हा. गूळ खा."

बाहेर जाताना त्यांनी खोलीला कडी घातली. कडीचा तो आवाज ऐकला आणि मला कळलं. पोरगी म्हणून त्यांनी मला आणलं नव्हतं. आईचा हात पिळायला आणलं होतं, आणि यावेळी पिळायला हाड नव्हतं म्हणून मी होते.

खोलीच्या मागच्या भिंतीत, कढईखालच्या चुलवणाकडं, उसाची चिपाडं आत टाकायला एक भगदाड होतं. दुपारी मी त्यातून बाहेर पडले. गुडघे सोलले, फ्रॉक काळा झाला. उसातून पळत डांबरी सडकेवर आले. दोन बैलगाड्या चालल्या होत्या. मी त्यांना हात केला, तोच मागून सायकलची घंटी वाजली.

"मला पळवून आणलंय!" मी गाडीवाल्याला ओरडून सांगितलं. "मला हिंगणपेठेला सोडा! ह्यांनी मला पळवलंय!"

गाडीवाल्यानं माझ्याकडं बघितलं, मग सायकलवरच्या माणसाकडं.

"पोरगी हाय माजी," वडील धापा टाकत म्हणाले. "शाळंला कट्टाळती."

"बापच न्हवं का गं?" गाडीवाल्यानं मला विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. मी गप्प राहिले.

"जा मग बापाबरूबर. बाप कुटं पळवून नेतोय व्हय?" गाड्या पुढं गेल्या. एसटीत ज्या वाक्यानं मी हरखले होते, त्याच वाक्यानं मला सडकेवरून उचलून परत नेलं. सायकलच्या नळीवर बसवून, दंडाला असं धरलं होतं की पाच बोटं निळी उमटली.

इकडं आईही त्याच दिवशी फौजदाराकडं गेली होती. हे मला नंतर हौसाबाईनं सांगितलं. फौजदार म्हणाला, "बाई, बापानं पोरीला नेलं, त्यात गुन्हा कसला लिहू?" आई म्हणाली, "साहेब, माजा नवरा मेलाय. गावानं जाळलाय. मेलेल्या माणसानं पोर नेली, असं लिवा." फौजदार हसला आणि त्यानं तिच्यासाठी चहा मागवला. आईनं चहा घेतला नाही.

सोमवारी दुपारी वडील आणि राऊ बाहेर गेले. भगदाडाला आता बाहेरून फळी ठोकली होती. तानूबाई फळीच्या फटीतून भाकरीचा तुकडा देत म्हणाली, "खा बाई. तुज्या आईनं हो म्हटलंय. उद्या देवळात नेणार तुला."

"आई हो म्हणणारच नाही."

"लेकरासाठी बाई काय बी म्हणती." तिनं मागं वळून सडकेकडं बघितलं. मग पलीकडून तिचा आवाज आला, अगदी बारीक. "मला राहावत न्हाई म्हणून सांगते. तुमच्यात त्याचा पळसाचा इधी झाला न्हवं? त्या दिशी त्यो हितं व्हता."

"कोण?"

"तुजा बाप. ह्याच अंगणात. बेल्लारीकडनं येऊन जाऊन असायचा त्यो, साल दोन सालातनं एकदा. राऊनं गावातनं येऊन सांगितलं, 'मुकुंदा, तुला जाळायला लागल्यात.' तर हसला. म्हनला, बरं झालं, मागं लागणारं कुणी ऱ्हायलं न्हाई. मी कोंबडी केली व्हती. दोन येळा रस्सा मागून घेतला." तिनं नाक ओढलं. "आता खाणीतनं काडलाय त्याला. आंग चालंना. तुज्या आईचं दुकान चाललंय म्हटल्यावर त्याला घर आठवलं."

मी भाकरी हातात धरून बसून राहिले. त्या दिवशी मी नदीकाठी नारळाचे डोळे वर करत होते. काका वस्तऱ्याखाली बसले होते. आईच्या बांगड्या फुटत होत्या. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो बारा मैलांवर रस्सा मागत होता. मी रडले नाही. तानूबाईला म्हणाले, "मला पाणी द्या," आणि भाकरी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली, कारण दुसऱ्या दिवशी अंगात जोर हवा होता.

मंगळवारी कालिकामातेच्या देवळात चाळीसेक माणसं होती. 'चारचौघं' म्हणत म्हणत काकांनी निम्मी पेठ बोलावली होती. अंतरपाट तयार, अक्षता तयार. वडील मुंडावळ्या बांधून उभे. राऊ मागं खांबाला टेकलेला. माझं मनगट वडिलांच्या मुठीत.

आई आली ती नवरीसारखी नाही. रोजचं जुनेर, कपाळ मोकळं, हात मोकळे, आणि खांद्यावर बांगड्यांच्या माळांचं गाठोडं. गावोगावच्या लग्नांना जायची, तशीच आली. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. माझ्या दंडावरचे निळे डाग तिला दिसले.

"पोर सोडा," ती म्हणाली.

"आदी उभी ऱ्हा," वडील म्हणाले.

"उभी राहते. पर गुरुजी, चुडा भरल्याबिगार नवरी उभी राहती का?"

"छे, छे," गुरुजी म्हणाले. "चुडा हवाच."

"आन ह्या गावात कासारीण किती?"

बायका हसल्या. आई देवीसमोर मांडी घालून बसली, गाठोडं सोडलं, हिरव्या माळा पसरल्या. "आदी लेकीचा हात भरते. आईच्या लग्नात लेकीचं हात रिकामं बरं दिसत न्हाई. मग माजं."

वडिलांची मूठ सैल होईना. तेव्हा शेवंताकाकूच म्हणाली, "सोड की रं. बांगड्याच भरतीया, खात न्हाई तिला."

त्यांनी सोडलं. मी आईपुढं बसले. तिनं माझा उजवा हात हातात घेतला, अंगठ्याखालचं हाड दाबलं आणि रोज शंभर जणींना म्हणायची तेच म्हणाली, "हात सैल सोड." मग मान खाली घालून, मला एकटीला ऐकू येईल असं, "आता न्हाई सुटायचा."

कासारणीच्या हातात हात गेला की चुडा भरेपर्यंत तो परत मिळत नाही, हे पेठेतली तान्ही मुलगीही जाणते. वडील कासाराच्या पोटी जन्मून ते विसरले होते.

पहिली बांगडी चढली. आईनं मान वर न करता विचारलं, "गुरुजी, शुक्रवारी ह्यांचा नवा जल्म झाला न्हवं?"

"झाला. यथासांग झाला."

दुसरी बांगडी. "मग माजा पयला नवरा?"

"ते गेले, बाई. त्यांचं सगळं झालंय. हे नवं शरीर समजायचं."

तिसरी. "नवं लेकरू म्हणा की. कुणाच्या मांडीवर जल्मलं?"

"तुम्हाला माहीत आहे. थोरल्या वहिनींच्या."

"म्हंजे थोरल्या भावजींचं पोर."

"विधीपुरतं तसंच."

चौथी बांगडी आईनं अंगठ्याच्या पेरावर धरून ठेवली. "मग माज्या थोरल्या जावंचं पोर माजा कोण?"

गुरुजींचा अक्षतांत घातलेला हात तिथंच राहिला. आणि मग मागून, भाजीबाजारात हाळी देणाऱ्या त्या आवाजात, हौसाबाई ओरडली, "पुतण्या!"

"चुलतीचं पुतण्याशी लगीन कुटल्या पोथीत बसतंय, तेवडं सांगा. मी आत्ता उभी राहते." आईनं चौथी बांगडी हातात चढवली.

हसण्याचा असा काही लोट उठला की देवळाच्या कळसावरची कबुतरं उडाली. गुरुजी घाम पुसायला लागले. "अहो यमुनाबाई, त्याचा अर्थ तसा शब्दशः नाही घ्यायचा..."

"मग कसा घ्यायचा? नुसतं नाटक व्हतं?" आता तिनं मान वर केली. "बारसं नाटक असंल तर पळसबी नाटकच. मग माज्या बांगड्या कशापायी फोडल्या? नवरा जित्ता असताना बाईच्या बांगड्या फोडणाऱ्याला शास्त्र काय म्हणतं, त्येबी वाचा. मेला म्हणा, न्हाईतर मेला न्हवता म्हणा. दोनीतलं एक खरं करा. मला कुटलंबी चालतंय."

काकूनं पदर तोंडाला लावला. काका पुढं यायला निघाले आणि कुणाच्या बाजूनं यायचं ते न कळून मधेच थांबले.

"लई झालं कीर्तन!" वडिलांनी मुंडावळ्या उपटून टाकल्या. "मी जित्ता हाय. पोर माजी हाय. लगीन नको तर नको, पोर घिऊन जातो. चल हेमे!" त्यांनी माझा डावा दंड धरला, बरोबर त्या निळ्या डागांवर. एक हात त्यांच्याकडं, एक आईकडं. आईनं सोडला नाही. दोघांच्या ओढाओढीत माझ्या हातातली एक बांगडी पिचली आणि काच मनगटात घुसली.

माझा संताप झाला. जन्मात तितका पुन्हा कधी झाला नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं!" मी ओरडले. "पळसाच्या दिवशी तुम्ही राऊच्या वस्तीवर होता! तुम्हाला जाळतायत हे ठाऊक असून तुम्ही कोंबडी खाल्लीत! दोन वेळा रस्सा मागून घेतलात!"

"खोटं बोलतीया. कुणी शिकीवलं तिला?"

"राऊ," नारायणकाका म्हणाले. एवढंच. राऊनं त्यांच्याकडं बघितलं, मग खांबाकडं, मग स्वतःच्या वहाणांकडं. त्यानं नाही म्हटलं नाही.

काकांनी डोक्यावरची टोपी काढली. "मी मिशी उतरवली, मुकुंदा," ते म्हणाले. त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "धा दिस भुईवर निजलो. कावळा शिवंना म्हणून तीन तास उन्हात उभा व्हतो. तुजं काय ऱ्हायलंय, काय ऱ्हायलंय म्हणून रडलो त्या कावळ्याम्होरं."

"दादा, मी सांगणारच व्हतो..."

गुरुजी माझ्याजवळ आले. बिचाऱ्यांना अजून काहीतरी सावरता येईल असं वाटत होतं. "पोरी, शांत हो. नीट सांग. हे तुझे वडील ना?"

हाच प्रश्न सडकेवर गाडीवाल्यानं विचारला होता आणि मी गप्प बसले होते.

"माझे वडील वारले," मी म्हणाले. "त्यांचं डोकं मीच ठेवलं होतं. तुम्हीच ठेवायला सांगितलंत, गुरुजी. हा माझा चुलत भाऊ. चार दिवसांचा आहे."

कुणी हसलं नाही. काकांनी पुढं होऊन माझ्या दंडावरचं एकेक बोट उचकटून काढलं. पाचही. आणि मग शेवंताकाकू उठली. वाळलेली शेंग, पण तिनं हात असा फिरवला की वडिलांची मान वळली. "माज्या मांडीवर जल्मलास न्हवं?" ती म्हणाली. "मग आईची पयली थोबाडीत घे. आन नीघ."

ते निघाले. दुपारच्या बेल्लारीकडच्या गाडीत बसताना त्यांना पुष्कळांनी पाहिलं. राऊही बरोबर होता म्हणे, निदान फाट्यापर्यंत. काकांनी पुन्हा त्यांचं नाव घेतलं नाही, आणि दुकानात पुरुषमाणूस हवा हेही पुन्हा म्हणाले नाहीत. अकरा वर्षांनी एक कार्ड आलं, मुकुंद कासार वारले, कळावे. तेव्हा मी गल्ल्यावर होते. कार्ड वाचलं, खणात टाकलं आणि पुढच्या बाईला म्हटलं, "हात सैल सोडा."

पण सांगता सांगता मी पुढं गेले. देवळातलं अजून संपलं नव्हतं. माणसं पांगायला लागली होती आणि आई जागची उठली नव्हती. तिनं माझ्या मनगटातली काच काढली, वर हळद दाबली, पिचलीच्या जागी दुसरी बांगडी भरली आणि दोन्ही हात पुरे केले. मग उरलेल्या माळेतून एक हिरवी बांगडी काढली आणि स्वतःच्या डाव्या हातावर चढवायला घेतली.

त्या हातावर बांगडी चढणं सोपं नव्हतं. हाडाची गाठ आड येत होती. तिनं ओठ घट्ट मिटले, हात वळवला, दाबला, पुन्हा वळवला. बांगडी गाठीवरून पलीकडं गेली. मग दुसरी. मग तिसरी. जायला निघालेल्या बायका दारात थबकून बघत होत्या.

"यमुनाबाई," गुरुजी हळूच म्हणाले, "हे आता... कुणाच्या नावाचं?"

"कुणाच्याबी न्हाई," आई म्हणाली. "नमुना हाय. गिऱ्हाइकाला दावाया लागतो."

तो नमुना तिच्या हातात सत्तावीस वर्षं होता. एक पिचली की दुसरी यायची, हात कधी रिकामा राहिला नाही. कुणी कपाळाला आठ्या घातल्या की ती हात पुढं करून रंग दाखवायची आणि भाव सांगायची. ती गेली तेव्हा तिला न्हाऊ घालायला जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, विधवा बाई आहे, हातातलं काढायला हवं. दगडही आणला होता.

मी तो दगड उचलून अंगणात फेकला आणि आईचा डावा हात माझ्या हातात घेतला.

"राहू दे," मी म्हणाले. "नमुना आहे."